सात नंबरची जागा

१

"भाता पुरता उघडत नाही आज. चहाच्या आधी बरी होतीस की गं. आत्ताच काय झालं तुला?"

सलाउद्दीनचाचांची ही कुरकुर माणसांसाठी नव्हती, पेटीसाठी होती. चाळीस वर्षं ते तिच्याशी असंच बोलत आले होते, बायकोशी बोलावं तसं, हळू आवाजात आणि तक्रारीच्या सुरात. अंजली रिकामे कप गोळा करायला वाकली होती म्हणून ते तिच्या कानावर पडलं, एवढंच.

कप गोळा करायचं काम तिच्याकडे कसं आलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. अकरा पुरुषांच्या खोलीत बाई एकच असली की कप तिच्याकडे आपोआप येतात. प्रत्येक कप उचलला की खाली फरशीवर चहाचं ओलं कडं उमटलेलं दिसे. ते ती फडक्यानं पुसत होती. तिच्या बाबांच्या, निवृत्तीदादांच्या, कपाखाली तेवढं पुसावं लागलं नाही. तिला बरं वाटलं, कंबर दुखत होती.

कप खिडकीपाशी ठेवून ती टेबलाकडे वळली आणि थांबली.

टेबलावर तिचा चष्मा होता. पेन होतं. वाचता वाचता खूण म्हणून घातलेली बसची तिकिटं होती. पण ज्या वहीत ती तिकिटं घातली होती, ती वही नव्हती.

२

नवजागृती कोरस मंडळाला यंदा पन्नास वर्षं होत होती. द्वारका चौकाच्या मागच्या कॉलनीतली ही मंडळी. कोणी प्रेसमध्ये होतं, कोणी शाळेत, कोणी देवळालीला कॅम्पात कारकून. दर रविवारी दुपारी समाजमंदिराच्या वरच्या खोलीत बसायचं आणि गायचं. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती झेलायची. पन्नाशीनिमित्त स्मरणिका काढायची ठरली आणि जुने कागद लावायला कोण, तर निवृत्तीदादांची अंजली. तिची हयात सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात धूळ खाण्यात गेलेली. घरच्याच लेकीला काम सांगायला परवानगी लागत नाही.

मंडळाचे नियम कडक होते. हजेरी सुरू झाली की दाराला आतून कडी. शेवटचं गाणं होईपर्यंत ती काढायची नाही. आणि हजेरीच्या सगळ्या वह्या कपाटात बंद झाल्याशिवाय शेवटचं गाणं म्हणायचं नाही. बाई आत येत नाही, अंजलीला आज पहिल्यांदा सवलत. चहा लताबाई करायची, पण तीही जिन्यातल्या खिडकीतून द्यायची. खिडकीला लोखंडी जाळी, जाळीत कप जाईल एवढंच भोक. कप आत घेताना थोडा चहा हमखास सांडायचा आणि सगळ्या कपांचे तळ ओले व्हायचे.

सकाळी जिन्यातच लताबाईनं अंजलीला गाठलं होतं. हातात हिरव्या बांगड्या, पदर खोचलेला. साठी उलटलेली बाई; पण बांगड्या अशा जपून घालायची, की जणू कोणी येऊन मोजणार आहे.

"अंजे, उद्या छापायला जाणार ना तुझं पुस्तक? दोन याद्या हायेत म्हणतात त्यात. एक हयातांची, एक गेलेल्यांची."

अंजलीनं हो म्हटलं.

"मग यांचं नाव कंच्या यादीत टाकशील? तेवढं मला आधी सांग. दुसरं कायबी नको."

'हे' म्हणजे गोटीराम. मंडळातला सगळ्यात उंच आवाजाचा गडी. अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यात सुरतेला कामाला म्हणून गेला तो आलाच नाही. लताबाई तेव्हा नऊ महिन्यांची पोटुशी. पुढे ती तान्ह्या रोहिणीला काखेत घेऊन दोनदा सुरतेला शोधायला गेली. दोन्ही वेळा तिला एसटीत बसवून द्यायला अंजलीचे बाबाच गेले होते. सत्तावीस वर्षांत तिला कोणी विधवा म्हटलं नाही, कोणी सोडलेली म्हटलं नाही. मधल्याच कुठल्याशा जागी ती उभी होती आणि तिथून हलायची सोय नव्हती.

वह्या बघून सांगते, असं अंजली म्हणाली होती.

आणि नेमकी अठ्ठ्याण्णवची वही गायब होती.

३

नवनाथ हा मंडळाचा सेक्रेटरी, वय चाळीस, पाच वाजता त्याची ड्यूटी. त्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि कडीकडे निघाला. त्याबरोबर बुद्धभूषण सर दारापुढे जाऊन उभे राहिले. सर निवृत्त शिक्षक. पन्नास वर्षं हजेरी तेच घेत आले होते आणि या कामात त्यांनी एकदाही रजा घेतलेली नव्हती.

नियम म्हणजे नियम, असं ते म्हणाले. वही नाही तर कपाट बंद होत नाही. कपाट बंद नाही तर शेवटचं गाणं नाही. गाणं नाही तर कडी नाही.

अकरा पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. वर पंखा कुरकुरत होता, खाली द्वारकेच्या चौकातले हॉर्न. आपल्याच नियमांनी आपल्याला कोंडलंय हे पहिल्यांदाच सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि ते कबूल करायची कोणाची तयारी नव्हती.

अंजलीनं मनातल्या मनात खोली तपासली. दार बंद. जाळीच्या भोकातून लांबडी वही जाणार नाही. कपाटाला कुलूप, किल्ली तिच्या पर्समध्ये. म्हणजे वही याच खोलीत आणि वही घेणाराही याच खोलीत. हजेरी झाल्यावर ती वही चाळत बसली होती. चहा आला तेव्हा कप आत घ्यायला खिडकीशी गेली, बाकीचे तिच्यामागे रांगेत. त्या पाच मिनिटांत टेबलाकडे सगळ्यांच्या पाठी होत्या.

नवनाथनं स्वतःहूनच पिशवी उलटी केली, कारण सगळ्यांच्या नजरा तिच्यावरच होत्या. सकाळीच तो म्हणाला होता, जुन्या वह्या कोण वाचतंय, फोटो काढून रद्दीत घाला. पिशवीतून डबा निघाला, ड्यूटीचा शर्ट निघाला, अर्धा चिवडा निघाला. वही नाही.

"ताई, मला वही लपवायची असती तर तुम्हाला सकाळी कपाटाची किल्ली दिली असती का?" तो म्हणाला. बरोबर होतं.

मग अंजलीनं त्याला भलतंच विचारलं. त्या वहीत हजर माणसापुढे 'ह' होता, गैरहजर माणसापुढे फुली. पण काही ठिकाणी छोटा गोळा होता. तिनं सरांना विचारलं, तर चहा झाल्यावर सांगतो म्हणाले. आणि चहा झाल्यावर वहीच नाही.

नवनाथला त्यात काहीच अवघड वाटलं नाही. मंडळात नावं पुकारत नाहीत, उभं राहायच्या जागेचे नंबर पुकारतात. नंबरवाला जिवंत असेल तर तो 'हजर' म्हणतो. वारला असेल तर सगळे मिळून म्हणतात. माणूस गेला तरी त्याची जागा रिकामी पडू द्यायची नाही, अशी पहिल्यापासूनची रीत.

"म्हणजे गोळा कोणाला?"

"वारलेल्याला. सगळे त्याच्या वतीनं बोलतात ना, म्हणून गोळा. सर फुलीच्या जागी चुकूनही गोळा काढायचे नाहीत. मास्तर माणूस."

वहीतली एक ओळ अंजलीला लख्ख आठवत होती. जुलैपर्यंत 'ह'. मग दोन रविवार फुल्या. आणि सोळा ऑगस्टपासून वर्ष संपेपर्यंत गोळे.

ती ओळ सात नंबरची होती.

४

दुपारची हजेरी तिनं ऐकली होती. सर पुकारत होते. एक. दोन. तीनला सगळे एकदम गरजले तेव्हा ती दचकली होती. सहा झालं, मग सर थांबले. खिडकीकडे बघितलं. जिन्यात स्टोव्हचा आवाज येत होता. मग त्यांनी एकदम आठ पुकारलं. त्या थांबलेल्या क्षणात तीन म्हाताऱ्यांचे ओठ हलले होते. तिला वाटलं होतं, आवंढा गिळला असेल.

उभं राहायच्या रांगेतही सहानंतर माणूसभर जागा मोकळी होती. विचारलं तर म्हणाले, फरशी उंच आहे तिथली, पाय अडकतो. ती आता तिथे गेली आणि चप्पल काढून पाय घासून पाहिला. फरशी सपाट होती.

सलाउद्दीनचाचा पेटी पुसत बसले होते. पेटीचा तळ किडलेला, म्हणून ती लाकडी खोक्यात ठेवूनच वाजवायची. तिच्या पलीकडे, भात्याच्या बाजूला, बाबांची खुर्ची. बाबा अठ्ठ्याहत्तरचे, गुडघे गेलेले, एकदा बसले की दोघांनी धरल्याशिवाय उठत नाहीत.

ती चाचांशेजारी जमिनीवर बसली आणि सात नंबरवर कोण उभं राहायचं ते विचारलं.

चाचांचा फडका थांबला. "पुरानी बात आहे बेटा."

कोण, तिनं पुन्हा विचारलं.

"तुला माहीत आहे," चाचा म्हणाले. "ज्याच्यासाठी मी पेटी एक पट्टी वर घ्यायचो, तो."

एक पट्टी वर. सगळ्यात उंच आवाजाचा गडी. गोटीराम.

ज्या माणसाची बायको सत्तावीस वर्षं जिन्यात चहा करत त्याची वाट बघत होती, त्याच्या नंबरापुढे सरांनी सत्तावीस वर्षांपूर्वीच गोळा काढला होता. आणि सर हजेरीत खोटं लिहीत नव्हते.

खिडकीबाहेर बांगड्या वाजल्या. कप देता का, असं लताबाई विचारत होती.

५

अंजली जागची हलली नाही. तिला आता वही कुठे आहे ते कळलं होतं, आणि कळल्याचा पस्तावाही झाला होता.

प्रत्येक कपाखाली ओलं कडं होतं. बाबांच्या कपाखाली नव्हतं. कप तर त्याच भोकातून आला होता. म्हणजे तो आला कशावर तरी ठेवून, आणि त्या कशाला तरी कडं लागलं. बाबा उठू शकत नाहीत. त्यांना कप कोणी नेऊन दिला? बुद्धभूषण सरांनी. कप हातात असताना कोणी वही उचलली तर चोरी दिसते. वहीवर कप ठेवला तर तबक दिसतं.

बाबांनी कप घेतला, तळ कोरडा करून खाली ठेवला, आणि तबक हाताशी होतं तिथे सरकवलं. उठायची गरजच नव्हती. आणि चहानंतर पेटीचा भाता पुरता उघडेना.

तिनं चाचांना पेटी जरा पुढे घ्यायला सांगितलं. खोक्याची मागची फळी आणि भाता यांच्यामध्ये लांबडी वही उभी खुपसलेली होती. पुठ्ठ्यावर चहाचं गोल कडं, अजून ओलसर.

खोलीतल्या कोणीच आश्चर्य दाखवलं नाही, नवनाथ सोडून. तो वही बघत होता आणि बाकीचे फरशी. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा पंख्याकडे बघत होते.

सर तिच्याजवळ आले. शाळेत एखाद्या पोराला कोपऱ्यात घेऊन समजवावं तसं, खाली मान घालून, त्यांनी हळूहळू सांगितलं. सव्वीस जुलैला पेठच्या पुढे कार्यक्रम होता. परतताना जीपमध्ये वाद निघाला, शेवटचं गाणं कोणी उचलायचं, म्हणजे पहिली ओळ कोणी टाकायची, यावरून. वीस वर्षं निवृत्तीदादा उचलत होते. त्या दिवशी लोकांनी गोटीरामला उचलायला लावलं. शब्दाला शब्द वाढला. दादांनी घाटात जीप थांबवली आणि म्हणाले, एवढा मोठा गायक झालास तर चालत ये. गोटीरामही हट्टी, उतरला. पाऊस होता. पुढच्या वळणावर थांबू म्हणत होते, थांबले नाहीत. येईल सकाळच्या गाडीनं, असं वाटलं.

दोन रविवार फुली पडली. घरी म्हणे सुरतेची भाषा करायचा, तिकडेच गेला असेल असं सगळे म्हणू लागले. मग पेठचा बारकू, कार्यक्रम ठरवणारा, निरोप घेऊन आला. घाटातल्या ओढ्याच्या खालच्या अंगाला वस्तीवरच्या लोकांना तसं काही मिळालं होतं. त्यांनी तिथेच जे करायचं ते केलं होतं. दादा दोन दिवस तिकडे जाऊन आले. आपल्या मंडळाचं उपरणं ओळखून आले.

"तसं कळलं आम्हाला," सर म्हणाले.

अंजलीला ते दोन दिवस आठवले. ती तेव्हा तेवीस वर्षांची. बाबा पेठहून आले ते चिखलाच्या चपला घेऊन थेट मोरीत गेले. महिनाभर गायले नाहीत. घसा बसलाय म्हणाले. तिनं रोज हळदीचं दूध करून दिलं होतं.

"आणि लतामावशीला?"

सरांनी चष्मा काढला. तिचे दिवस भरले होते. बाळंत होऊ दे, मग सांगू, असं ठरलं. मग पोर अशक्त निघाली, जरा धरू दे म्हणाले. मग ती सुरतेला जाते म्हणाली, आणि तेव्हा सांगायचं तर इतके दिवस का नाही, हे आधी सांगावं लागलं असतं. पुढे तिला काहीतरी काम हवं म्हणून चहा दिला. ती खिडकीशी येऊन बसायला लागली, तसा नवीन वहीतून सात नंबरच काढून टाकावा लागला. गोळा काढायचा तर सगळ्यांनी मिळून 'हजर' म्हणायला हवं, ते तिनं ऐकलं असतं. फुली काढली तर खोटं झालं असतं.

तोंडानं सत्तावीस वर्षं खोटं आणि पेनानं एक दिवसही नाही. अंजलीला हसावं का सरांच्या अंगावर वही फेकावी ते कळेना. तिनं आणखी एक गोष्ट टिपली. एवढं सगळं सांगताना सरांनी तो एक शब्द वापरला नव्हता. 'तसं' म्हणाले, 'जे करायचं ते' म्हणाले. ओढा आला, वस्ती आली, उपरणं आलं. शब्द काही आला नाही.

"अंजली," बाबा पहिल्यांदाच बोलले. "कपाटात ठेव ती वही."

ठेवता आली असती. किल्ली तिच्याकडे होती. कपाट लावायचं, शेवटचं गाणं होऊ द्यायचं, कडी काढायची. वरच्या, हयातांच्या यादीत नाव टाकायचं, उद्या छापायला द्यायचं. बाबा अठ्ठ्याहत्तरचे. किती दिवसांचा प्रश्न होता? बाबा गेल्यावर सांगू. तिच्या मनात ते वाक्य तयारच होऊन आलं, आणि मग तिला कळलं की याच वाक्यात हे सगळे सत्तावीस वर्षं राहत होते. आत यायला दार सताड उघडं होतं. बाहेर पडायची कडी तेवढी कोणाला सापडत नव्हती.

६

ती उठली आणि दाराकडे गेली. सर आडवे आले नाहीत.

कडी निघाली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा, शेवटच्या गाण्याच्या आधी.

लताबाई जिन्यात रिकामी किटली घेऊन उभी होती. आत ये म्हटल्यावर ती आधी मागे सरली. बाई आत जात नाही, हे तिला अंजलीपेक्षा जास्त माहीत. मग पदर सारखा करत आली. कुठे उभं राहावं ते कळेना. खोलीभर पुरुष. रांगेत एकच जागा मोकळी दिसली, तिथे जाऊन उभी राहिली. सहाच्या आणि आठच्या मध्ये.

सहा नंबरवाल्यानं मान फिरवली. चाचांनी पेटीवर फडका टाकला आणि तो नीट करत बसले. फडक्याला सुरकुती नव्हती.

"घावली का वही?" लताबाई म्हणाली. अंजलीच्या हातात वही बघून तिचा चेहरा जरा उजळला. "मग सांग की. कंची यादी?"

उत्तर अंजलीच्या जिभेवर होतं. दोन शब्दांचं होतं. पण ते तिचं नव्हतं. तिनं चोरी शोधली होती, चोर शोधले होते. हे सांगायचा हक्क मात्र ज्यानं जीप थांबवली होती त्याचाच. ती चालत गेली आणि वही बाबांच्या मांडीवर ठेवली, सोळा ऑगस्टचं पान उघडून.

बाबांनी वहीकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं. लहानपणी ती चुकीच्या सुरात गायली की बघायचे तसं, पण आज सूर कोणाचा चुकला होता ते दोघांनाही ठाऊक होतं.

"सर," ती म्हणाली, "हजेरी अर्धवट राहिली आहे."

बुद्धभूषण सर टेबलापाशी गेले. हातात वही नव्हती, पेन नव्हतं. पन्नास वर्षांच्या सवयीनं त्यांनी घसा खाकरला.

"सात," त्यांनी पुकारलं.

खाली चौकात कोणीतरी हॉर्नवर हात ठेवूनच उभा होता. लताबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली. बघता बघता तिच्या हातातली किटली थोडी थोडी खाली येत गेली आणि शेवटी फरशीला टेकली. त्या सपाट फरशीला.

बाबांनी एक हात पेटीच्या खोक्यावर ठेवला, दुसरा खुर्चीच्या दांडीवर. नवनाथ पुढे झाला, त्याला त्यांनी नको म्हणून हलवलं. गुडघे वाजले. एकटे उठायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ ती खोली थांबून राहिली.

"लता," निवृत्तीदादा म्हणाले, "खालच्या यादीत. गोटीराम मेला गं. रोहिणी व्हायच्या आधीच मेला. सुरतेला तो कधी गेलाच नव्हता. मी त्याला घाटात उतरवलं."